घोकंपट्टी, हुनर आणि मास्टर रामचंद्र

शिक्षणावर कुठेही चर्चा निघाली की एक वाक्य हमखास कानावर येते : आपल्याकडे घोकंपट्टी आहे, म्हणून आपल्याकडे शोध लागत नाहीत. बी.एड.च्या वर्गात हे वाक्य आम्हाला इतक्या वेळा ऐकवले गेले की ते सगळ्यांना तोंडपाठ झाले. परीक्षेत ते जसेच्या तसे लिहून आम्ही गुणही मिळवले. उर्दू माध्यमाच्या शिक्षकाला या वाक्याचे शेपूटही ऐकावे लागते. प्रशिक्षण शिबिरात चहाच्या वेळी कुणीतरी सहज म्हणून जाते, "तुमच्याकडे तर मदरशांची परंपरा. लहानपणापासून पाठांतर. मग यंत्रतंत्र कुठून सुचणार?" बोलणाऱ्याच्या मनात वाईट हेतू असतोच असे नाही. तरीही या बोलण्यातून एका समाजाच्या मुलांबद्दलचा निकाल आधीच लागून जातो. तो निकाल कोणत्या पुराव्यावर दिला जातो, हे इतिहासात जाऊन पाहावे म्हणून हा लेख.

पाठांतराचा इतिहास पाहायचा तर इब्न सीनापासून सुरुवात करावी. बुखाऱ्याजवळ ९८० च्या सुमारास जन्मलेल्या या हकीमाने आपले आत्मवृत्त शिष्याला सांगून ठेवले आहे. दहाव्या वर्षी कुरआन पूर्ण झाले होते आणि अदबचे पुष्कळ वाचनही झाले होते. पुढे ॲरिस्टॉटलचा तत्त्वमीमांसेवरचा ग्रंथ हाती आला. तो त्यांनी चाळीस वेळा वाचला. ग्रंथ पाठ झाला, पण अर्थ लागेना, तेव्हा त्यांनी नाद सोडला. मग एकदा पुस्तकांच्या बाजारात एक दलाल एक पुस्तक घ्या म्हणून मागे लागला. यांनी झिडकारले. दलाल म्हणाला, मालकाला पैशांची गरज आहे, तीन दिरहमांत देतो. घेतले. ते निघाले अल्-फाराबीचे, त्याच ग्रंथाच्या हेतूंवर लिहिलेले. घरी येऊन वाचले आणि सगळा ग्रंथ एकदम उलगडला. का उलगडला, हेही इब्न सीना सांगतात : कारण तो पाठ होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी गरिबांना सदका वाटला.

ही हकिकत दोन्ही बाजूंना अडचणीची आहे. पाठांतराने अर्थ कळतो असे म्हणणाऱ्यांना चाळीस वाचनांचे उत्तर द्यावे लागेल, आणि पाठांतराने बुद्धी मरते असे म्हणणाऱ्यांना त्या एका संध्याकाळचे. मला स्वतःला त्यातला दलाल महत्त्वाचा वाटतो. बुखाऱ्यात पुस्तकांचा बाजार होता. एका अडलेल्या माणसाचे पुस्तक तीन दिरहमांत दुसऱ्या अडलेल्या माणसाच्या हाती पडू शकत होते. पाठ केलेले कामाला यायचे, तर अशा बाजाराची गाठ पडावी लागते.

त्याच परंपरेत पाठांतरावर कडक टीकाही आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. इब्न खल्दूनने १३७७ मध्ये 'मुकद्दिमा' लिहिली. तिच्यात शिक्षणावर जी प्रकरणे आहेत ती आजच्या डी.एड., बी.एड.च्या पुस्तकांत घालायला हरकत नाही. मगरिबच्या, म्हणजे मोरोक्कोकडच्या, विद्यार्थ्यांबद्दल तो लिहितो की ही मुले वर्षानुवर्षे दर्साला बसतात आणि तोंड उघडत नाहीत. गरजेपेक्षा जास्त पाठ करतात. मोठी होतात तेव्हा त्यांना पाठ पुष्कळ असते, पण त्या विषयात हात चालत नाही. त्याचा शब्द आहे 'मलका', म्हणजे विषयावर बसलेला हात, अंगी मुरलेले कौशल्य. ही मलका कशी येते? चर्चेने आणि वादाने, असे त्याचे उत्तर आहे. मोरोक्कोत विद्यार्थ्याला मदरशात राहण्यासाठी सोळा वर्षे ठरवून दिली होती आणि ट्युनिसमध्ये पाच, याचे कारणही तो शिकवण्याच्या निकृष्ट रीतीत शोधतो. सोळा वर्षे गप्प बसून जे येत नाही ते पाच वर्षे बोलून येते, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ.

आता यंत्रांकडे येऊ, कारण प्रश्न यंत्रांचा आहे. १२०६ मध्ये आजच्या तुर्कस्तानातील दियारबकरच्या अर्तुकी सुलतानासाठी अल्-जझरी या माणसाने यंत्रांवर एक ग्रंथ लिहून पूर्ण केला. पाण्याची घड्याळे, कारंजी, पाणी उपसण्याची यंत्रे, हात धुवायला पाणी देणाऱ्या बाहुल्या यांची चित्रे आणि कृती त्यात आहेत. पाणी उपसण्याच्या एका यंत्रात त्याने वापरलेला क्रँक यंत्रविद्येच्या इतिहासकारांना फार मोलाचा वाटतो. ग्रंथाच्या सुरुवातीला तो जे सांगतो ते मात्र आम्हा शिक्षकांसाठी मोलाचे आहे. पूर्वीच्या विद्वानांचे ग्रंथ आपण वाचले, पण त्यांनी लिहिलेले सगळे त्यांनी स्वतः करून पाहिलेले नव्हते; आणि करून न पाहिलेली कारागिरी खरी की खोटी या संशयातच राहते, असे तो म्हणतो. अल्-जझरी दरबाराचा कारागीर होता. तांबे ठोकणारा आणि ग्रंथ वाचणारा हा एकच माणूस होता. आपल्या भाषेत इल्म आणि हुनर हे दोन वेगळे शब्द आहेत. त्याच्यापाशी ते एकाच हातात होते.

हे धरून आता दिल्लीला जाऊ. घोकंपट्टीबद्दलच्या या वादाची खरी परीक्षा एकोणिसाव्या शतकातल्या दिल्लीत झाली, आणि ती उर्दू माध्यमात झाली.

अजमेरी दरवाज्याबाहेर गाजीउद्दीन खान फिरोज जंग यांचा मदरसा होता. हे गाजीउद्दीन म्हणजे हैदराबादचे संस्थापक निजाम-उल्-मुल्क यांचे वडील. तेव्हा आपल्या मराठवाड्याचे या इमारतीशी दूरचे नाते आहेच. १८२५ मध्ये कंपनी सरकारने तिथे दिल्ली कॉलेज सुरू केले. तोवर उत्तरेकडच्या मदरशांत दर्स-ए-निजामी रुळला होता. फिरंगी महलच्या मुल्ला निजामुद्दीन यांनी अठराव्या शतकात लावून दिलेला हा अभ्यासक्रम म्हणजे नुसते पाठांतर, अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. त्यात मंतिक म्हणजे तर्कशास्त्राला मोठी जागा होती, हिशेब होता, थोडा युक्लिडही होता. अवघड ग्रंथ घ्यायचा, त्यावरची टीका, टीकेवरची टीप वाचायची आणि एकेका वाक्यावर उस्तादांशी हुज्जत घालायची, अशी रीत होती. हेतू असा की यातून गेलेला विद्यार्थी पुढे कोणतेही पुस्तक स्वतः वाचू शकावा. उणीव निराळी होती. तो जे पुस्तक वाचणार, ते जुनेच. आकाश टॉलेमीचे, पृथ्वी मध्यभागी स्थिर. आणि सगळा व्यवहार कागदावर. उस्तादांच्या वर्गात काचेची नळी किंवा भिंग हातात घ्यायची सोय नव्हती.

दिल्ली कॉलेजात ही उणीव भरून निघू लागली. फेलिक्स बुत्रो हे प्राचार्य १८४१ मध्ये आले. त्यांनी आणि त्यांच्यानंतरचे प्राचार्य डॉ. श्प्रेंगर यांनी भाषांतराचे काम जोमाने चालवले. शंभरावर पुस्तके उर्दूत आली. भूमिती, बीजगणित, यंत्रशास्त्र, भूगोल, वैद्यक, कायदा. कॉलेजच्या पौर्वात्य शाखेत अरबी-फारसी शिकणारी मुले विज्ञान उर्दूतून शिकत होती, आणि या विषयांत ती इंग्रजी शाखेच्या मुलांच्या मागे नव्हती. आज उर्दूतून विज्ञान शिकवताना शब्द सापडत नाहीत अशी तक्रार आम्ही करतो. ते शब्द घडवण्याचे पुष्कळ काम पावणेदोनशे वर्षांपूर्वी झालेले आहे.

पौर्वात्य शाखेत विज्ञान शिकवायला १८४४ मध्ये पन्नास रुपये पगारावर जे शिक्षक नेमले गेले, ते मास्टर रामचंद्र. जन्म १८२१, पानिपतचा. घराणे कायस्थ. वडील लवकर वारले, आईच्या पदरात सहा मुलगे. अकराव्या वर्षी लग्न लावून दिले. मुलगी मूकबधिर होती, हे नंतर कळले. मध्ये दोनतीन वर्षे शाळा सोडून लेखनिकाची नोकरी करावी लागली. १८४१ मध्ये तीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून शिक्षण पुढे सरकले. गणिताचा नाद मात्र स्वतःचा, घरी मिळेल ते पुस्तक वाचून लावलेला. आपल्या लहानशा आत्मवृत्तात त्यांनी वर्गाचे चित्र काढले आहे. नव्या विज्ञानाचे तास सुरू झाल्यावर अरबीची वरच्या वर्गातली मुले पृथ्वी स्थिर असल्याच्या जुन्या मताला हसू लागली आणि शहरातल्या आलिमांना हे रुचले नाही. तरी वाद झाले, खुलेपणी झाले. वाद करायला ती मुले दर्स-ए-निजामीतच तयार झाली होती, ही गोष्ट रामचंद्र सांगत नाहीत, पण मला ती त्या चित्रात दिसते. पाठांतराने आणि हुज्जतीने घोटलेली बुद्धी नव्या विचारासमोर अडली नाही. दारात उभा राहून तो विचार आपल्या भाषेत सांगणारा कुणीतरी तिला हवा होता.

रामचंद्रांनी 'फवाइद-उन्-नाजिरीन' आणि 'मुहिब्ब-ए-हिंद' ही नियतकालिके १८४५ आणि १८४७ मध्ये काढली, त्यांतून नव्या ज्ञानाची ओळख करून दिली. मराठी वाचकाला इथे बाळशास्त्री जांभेकरांचे १८४० चे 'दिग्दर्शन' आठवेल. दोघांनी एकाच दशकात, दोन शहरांत, दोन भाषांत जवळजवळ एकच काम केले. त्यांना एकमेकांची खबर असल्याचे दिसत नाही, याची चुटपुट लागते.

१८५० मध्ये रामचंद्रांनी कलकत्त्याला स्वतःच्या खर्चाने एक इंग्रजी पुस्तक छापले. विषय होता गणितातल्या महत्तम आणि लघुतम राशी. एखादी राशी जास्तीत जास्त किती होऊ शकते आणि कमीत कमी किती, हे काढायला कलनशास्त्र वापरतात. रामचंद्रांनी कलनाला हात न लावता, नुसत्या बीजगणिताने ही उदाहरणे सोडवली. रीत सोपी आहे, दहावीच्या मुलाला समजेल. समजा चाळीस हात दोरीने आयताकृती वाफा आखायचा आहे. एक बाजू क्ष, तर दुसरी वीस वजा क्ष. क्षेत्रफळ सर्वांत मोठे केव्हा? रामचंद्र म्हणतात, ते क्षेत्रफळ आपल्याला सापडले आहे असे समजा, त्याला क्षे म्हणा आणि वर्गसमीकरण सोडवा. क्षची किंमत येते दहा अधिक किंवा वजा वर्गमूळ (शंभर वजा क्षे). आता वर्गमुळाखाली ऋण संख्या आली तर असा वाफा या जगात आखता येणार नाही. म्हणून क्षे शंभरापेक्षा मोठा होऊच शकत नाही. तो शंभर, तेव्हा वर्गमूळ शून्य आणि दोन्ही बाजू दहा-दहा. वाफा चौरस. या बीजाची प्रेरणा भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तून आली, असे त्यांनी प्रस्तावनेत म्हटले आहे. वर्गसमीकरणाची ही रीत पिढ्यान्‌पिढ्या पंडितांनी पाठ केलेली. एका कायस्थ शिक्षकाने ती उचलली आणि जिथे ती कुणी नेली नव्हती तिथे नेली.

कलकत्त्याच्या परीक्षणांनी पुस्तकाची वासलात लावली. पण ड्रिंकवॉटर बेथ्यून यांच्यामार्फत ते लंडनला ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या हाती गेले. डी मॉर्गन हे त्या काळचे मोठे गणिती. जन्म मदुराईचा. त्यांनी कंपनीच्या संचालकांचे लक्ष वेधले आणि १८५९ मध्ये आपल्या लांबलचक प्रस्तावनेसह ते पुस्तक लंडनमध्ये पुन्हा छापवून घेतले. सरकारने रामचंद्रांना खिलत आणि दोन हजार रुपये दिले. डी मॉर्गन यांचा मुद्दा आजच्या चर्चेला थेट लागू आहे. हिंदुस्थानी मुलांना युरोपची पुस्तके घोटवून युरोपची नक्कल तयार होईल, स्वतंत्र विचार तयार होणार नाही. त्यांच्या परंपरेत बीजगणिताची जी ओढ आहे तिलाच पाणी घालावे. घोकंपट्टीचा आरोप त्यांनी जुन्या पाठशाळेवर ठेवला नाही. तो नव्या इंग्रजी शिक्षणाकडे वळतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण रामचंद्रांवर लिहिणारे पुष्कळदा ती टाळतात. हे पुस्तक कल्पक आहे, पण गणिताच्या वाटेवर ते फार पुढे जात नाही. जे प्रश्न कलनशास्त्राने युरोपात दीडशे वर्षांपूर्वी सोडवले होते, तेच त्यांनी दुसऱ्या, कितीदा लांबच्या, वाटेने सोडवले. याचे कारण त्यांच्या बुद्धीत नाही. दिल्लीत त्यांना बरोबरीने हे गणित करणारा दुसरा माणूस नव्हता, संध्याकाळी बसून ज्याच्याशी वाद घालावा असा. लंडनमध्ये डी मॉर्गनभोवती अशी डझनभर माणसे होती. इब्न सीनाला तीन दिरहमांत फाराबी मिळाला. रामचंद्रांचा फाराबी समुद्रापलीकडे होता आणि पुस्तक तिकडून परत यायला नऊ वर्षे लागली.

मधल्या काळात बरेच काही घडून गेले. १८५२ मध्ये रामचंद्र ख्रिस्ती झाले आणि शहरात खळबळ उडाली. १८५७ मध्ये प्राचार्य टेलर मारले गेले. रामचंद्र जीव वाचवून निसटले. कॉलेजचे ग्रंथालय लुटले गेले, प्रयोगाची उपकरणे फोडून त्यांचा धातू विकला गेला. 'दिल्ली उर्दू अखबार'चे मौलवी मुहम्मद बाकर यांना इंग्रजांनी ठार केले. त्यांचा मुलगा मुहम्मद हुसेन आझाद याच कॉलेजचा विद्यार्थी. कॉलेज १८६४ मध्ये पुन्हा उघडले आणि १८७७ मध्ये बंद करून वरचे वर्ग लाहोरला हलवले.

या कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे. नजीर अहमद डेप्युटी कलेक्टर झाले आणि त्यांनी १८६९ मध्ये 'मिरात-उल्-उरूस' ही कादंबरी लिहिली. आझाद यांनी उर्दू कवितेचा इतिहास लिहिला. जकाउल्ला हे रामचंद्रांचे आवडते शिष्य. त्यांनी उर्दूत गणिताची पाठ्यपुस्तके लिहिली, इतकी की मोजता येऊ नयेत, आणि मोठा इतिहासही लिहिला. म्हातारपणी विज्ञानाच्या त्या तासांच्या आठवणी ते आनंदाने सांगत. पण त्या पिढीतून यंत्र करणारा, कारखाना उभा करणारा कुणी निघालेला दिसत नाही. हे लोक पाठांतराने बोथट झाले होते असे म्हणण्याची सोय नाही. आधुनिक उर्दू गद्य ज्यांनी घडवले, तेच हे. मग ते गेले कुठे? जिथे पगार होता तिथे. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंज यांनी सरकारी नोकऱ्यांत इंग्रजी शिकलेल्यांना पसंती देण्याचे जाहीर केले होते. शिकलेल्या माणसासमोर कचेरी होती, शाळा होती, अदालत होती. कारखाना नव्हता.

एक जागा होती. गंगेचा कालवा खोदायला माणसे हवीत म्हणून १८४७ मध्ये रुडकीला इंजिनिअरिंग कॉलेज निघाले. वरच्या वर्गात इंजिनिअर घडत, ते बहुतेक गोरे. सगळ्यांत खालचा वर्ग हिंदुस्थानी मुलांचा. त्यांना मोजणी, पातळी काढणे, नकाशे हे उर्दूतून शिकवत. म्हणजे दीडशे वर्षांहून आधी उर्दू माध्यमातून तंत्रशिक्षण चालू होते, हे ऐकून आमचे विद्यार्थी चकित होतात. मीही प्रथम वाचले तेव्हा तो उतारा पुन्हा वाचला होता. पण त्या वर्गातून बाहेर पडणारा मुलगा सब-ओव्हरसिअर व्हायचा. साहेबाने आखलेली रेषा जमिनीवर उतरवायची, एवढे त्याचे काम. रेषा कुठून जावी हे ठरवण्यात त्याला वाव नव्हता. १८५८ च्या जानेवारीत रामचंद्रांना याच कॉलेजात नेटिव्ह हेडमास्तर म्हणून नेमले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीच्या शाळेवर पाठवले. देशातल्या सर्वांत कल्पक गणित शिक्षकाला देशातल्या एकमेव मोठ्या तंत्रशाळेत नऊ महिनेही मिळाले नाहीत.

ज्या घोकंपट्टीला आज आपण नावे ठेवतो ती नेमकी याच सुमारास जन्मली असे माझे मत आहे. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. नमुना लंडन विद्यापीठाचा. ही विद्यापीठे शिकवत नसत, परीक्षा घेत. नेमलेले पुस्तक, ठरलेले प्रश्न, दूर बसलेला परीक्षक, आणि पास झाल्यास नोकरी. जुन्या मदरशात पाठ केलेल्या वाक्यावर दुसऱ्या दिवशी उस्ताद 'का?' म्हणून विचारत. परीक्षकाला 'का' विचारायला सवडच नव्हती, कारण तो समोर नव्हता. पाठांतर पूर्वी वादाची तयारी होते, ते आता वादाच्या जागी येऊन बसले. १९०२ च्या विद्यापीठ आयोगाने तक्रार केली ती हीच : शिकवणे परीक्षेच्या ताब्यात गेले आहे. तेव्हापासून प्रत्येक पिढीत ही तक्रार नव्याने नोंदवली जाते. यशपाल समितीने १९९३ मध्ये नोंदवली, २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ती आहे, २०२० च्या धोरणातही आहे. मदरशावर फोडलेले हे खापर इंग्रजी विद्यापीठाच्या भट्टीतले आहे, एवढे तरी चहाच्या वेळी सांगता यावे.

मराठी शाळेतल्या जुन्या पाठांतराचेही असेच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. ही घोकंपट्टीच, पण तिला बाजार लागून होता. शेर-पायली आणि आणे-पै यांच्या जगात पाऊणकी येणारा मुलगा दुकानावर कमी पडत नसे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, मागोमाग किलो-लिटर आले आणि औटकीचा आधार गेला. तरी काही गुरुजी ती पुढे बरीच वर्षे म्हणवून घेत होते. मुले बाजारात जाऊन पाहत, तिथे औटकी कुणी विचारत नाही. पाठांतर मेले ते असे, कामाची गाठ सुटल्यावर.

आता थोडे आमच्याकडचे. १८५७ नंतर उत्तरेतून निघालेले विणकर मालेगावला येऊन वसले, त्यांच्या पणतू-खापरपणतूंची मुले माझ्या वर्गात बसतात. घरी लूम, शेजारी लूम, रात्रपाळीचा खडखडाट उशाशी. विज्ञानात 'साधी यंत्रे' हा धडा असतो. तरफेचे प्रकार विचारले तर पुस्तकातली व्याख्या धडाधड म्हणतात, उदाहरण विचारले की कात्री आणि अडकित्ता. पुस्तकात तेच आहे. एकदा मी विचारले, धोटा पेटीत जोराने आपटून कांडीचा धागा तुटत असेल तर काय कराल? वर्ग एकदम बोलू लागला. दांड्याचा मार कमी करायचा, पेटीची फळी कसायची. एकाने सांगितले की त्याचे मामू जॉबर आहेत, ते सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पेटीच्या टोकाला बसवतात. धोटा किती अंतर राखून थांबला पाहिजे हे त्याने बोटे मांडून दाखवले. कसले बल, कसला संवेग, हे सगळे त्या बोटांत होते. फळ्यावर मी ते शब्द लिहिले तेव्हा त्याने वहीत उतरवून घेतले आणि विचारले, "सर, हे परीक्षेला आहे का?"

या मुलाची मलका, इब्न खल्दूनच्या अर्थाने, मामूंच्या लूमवर तयार झाली आहे. आमच्या शाळेत तिला दार नाही आणि मामूंच्या लूमवर पुस्तकाला दार नाही. जॉबरने केलेली सुधारणा कुणी कागदावर घेत नाही, तिचे चित्र काढत नाही. दुसऱ्या गल्लीतला जॉबर तीच सुधारणा पुन्हा शून्यापासून शोधतो. अल्-जझरीच्या हातात जे दोन शब्द एकत्र होते ते आमच्या गावात दोन इमारतींत राहतात.

जपानकडे एकदा पाहून घ्यावे, कारण पाठांतराला नावे ठेवणाऱ्यांची त्या देशापाशी फसगत होते. चिनी अक्षरे हजारोंनी घोटवणारा, परीक्षांनी मुलांना पिळून काढणारा देश. तिथे १८७३ मध्ये तोक्योला इंजिनिअरिंग कॉलेज उघडले. स्कॉटलंडहून आलेल्या हेन्री डायर या तरुण प्राचार्याने सहा वर्षांचा अभ्यासक्रम आखला. पहिली दोन वर्षे सामान्य अभ्यास, पुढची दोन थोडे कॉलेजात आणि थोडे कामावर, शेवटची दोन पूर्णपणे कामावर. तिथून निघालेल्या मुलाला आपल्याच देशाचे पूल, बंदरे आणि कारखाने बांधायचे होते आणि रेषा आखायचा अधिकार त्याला मिळत होता. शाळेतली घोकंपट्टी त्या देशाने सोडली नाही. आजही तिच्यावर तिथे टीका चालू असते. रुडकी या कॉलेजाहून पंचवीसेक वर्षांनी मोठी. आमचा सब-ओव्हरसिअर आणि त्यांचा इंजिनिअर यांच्या पाठांतरात फार फरक असेल असे मला वाटत नाही.

पाठांतराच्या बाजूने वकिली करायची माझी इच्छा नाही. अर्थ न कळता पाठ करणाऱ्या मुलाचा चेहरा मी रोज पाहतो, तो पाहवत नाही. मात्र नुसते पाठांतर बंद करून शोधक तयार होतील, या आशेवर दर दहा वर्षांनी धोरणे निघतात. प्रकल्पवह्या येतात, त्या वह्या मुले बाजारातून तयार विकत आणतात. इब्न सीनाच्या बाजारात पुस्तक मिळत होते, आमच्या बाजारात तयार प्रकल्प मिळतो.

दिल्ली कॉलेजची ही हकिकत आपल्यापर्यंत आली ती मौलवी अब्दुल हक यांच्यामुळे. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम त्यांनी बरीच वर्षे औरंगाबादेतून चालवले. तिथल्या कॉलेजचे ते प्राचार्यही होते, आणि 'मरहूम दिल्ली कॉलेज' हे त्यांचेच पुस्तक. मरहूम हा शब्द एखाद्या माणसासाठी वापरावा तसा त्यांनी कॉलेजसाठी वापरला. गाजीउद्दीनच्या मदरशाच्या इमारतीत आजही शाळा भरते. रामचंद्र पुढे पटियाळा संस्थानात राजपुत्राचे शिक्षक आणि मग तिथल्या शिक्षण खात्याचे प्रमुख झाले. १८६० च्या दशकात त्यांनी कलनाची एक नवी रीत मांडणारे दुसरे पुस्तक कलकत्त्याला छापले. या वेळी त्याची प्रत कुणा डी मॉर्गनने उचलून धरली नाही. १८८० मध्ये ते वारले, तोवर त्यांचे शिष्य जकाउल्ला अलाहाबादच्या म्यूर कॉलेजात उर्दूतून विज्ञान शिकवत होते, आणि त्यांची गणिताची पुस्तके उत्तर हिंदुस्थानातल्या शाळांत मुले पाठ करत होती.